गळ तोंडातच का हवा?

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की न्यूयॉर्क राज्यातल्या पुलास्की गावात उजाडायच्या आधीच गाडी लावायला जागा उरत नाही. एरवी हे जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. सामन नदी ओंटारिओ सरोवराच्या पूर्व टोकाला जिथे मिळते, त्या मुखापासून थोडंसं वर ते वसलं आहे. या दिवसांत सरोवरातला चिनूक सामन अंडी घालायला नदीत चढतो आणि त्याच्यामागे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकटपासून माणसं येतात. छातीपर्यंतचे रबरी पोशाख चढवून, कमरेएवढ्या गार पाण्यात, एकमेकांपासून दोन-चार हातांवर दोन्ही काठांना रांगा लागतात. हे पहिल्यांदा पाहणारा माणूस सहसा दोनपैकी एक मत देऊन मोकळा होतो. ही मासेमारी नव्हे, जत्रा आहे, हे एक. एवढ्या माणसांपुढे त्या बिचाऱ्या माशाचं काय होणार, हे दुसरं. पहिल्या मताशी भांडायचं कारण नाही. जत्रा तर आहेच. दुसरं मत मात्र तपासून घ्यायला हवं, कारण त्याच्यामुळे या नदीवरच्या कडक नियमांचा आपण भलताच अर्थ लावतो. ते नियम माशाला माणसापासून वाचवण्यासाठी असावेत असं वाटतं. नीट पाहिलं तर त्यातले बरेचसे माणसाला शेजारच्या माणसापासून वाचवण्यासाठी आहेत, आणि गर्दीच्या नदीवर तीच निकड मोठी आहे.

त्यासाठी हा मासा तिथे आला कुठून, इथून सुरुवात करावी लागते. (मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सामन’ म्हणून जो रावस वाढतात, तो याचा कुणी लागत नाही.) ओंटारिओ सरोवरात मूळचा होता तो अटलांटिक सामन. एकोणिसाव्या शतकात नद्यांवर लाकूड कापण्याच्या आणि पीठ दळण्याच्या गिरण्यांसाठी बंधारे पडले, काठची जंगलं तुटली, पाणी तापलं आणि गढुळलं, मासेमारीला धरबंध राहिला नाही. शतक संपता संपता तो मासा सरोवरातून नाहीसा झाला. पुढे विसाव्या शतकात पंचमहासरोवरांमध्ये समुद्री लॅम्प्रे या रक्तपिपासू जीवाने मोठे शिकारी मासे संपवत आणले, तेव्हा एलवाइफ नावाचा छोटा चंदेरी मासा बेसुमार वाढला. हा हिलशाच्या गोतावळ्यातला, बाहेरून शिरलेला. १९६७ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या काठांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग लागले होते आणि ते उचलायला यंत्रं आणावी लागली होती. मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्याआधीच, १९६६ मध्ये, पॅसिफिक किनाऱ्यावरचा कोहो सामन आणून सोडला होता. एलवाइफ खाऊन टाकणारा आणि शिवाय लोकांना गळावर हवाहवासा वाटणारा मासा, असा तो दुहेरी हिशेब होता. न्यूयॉर्कने तोच कित्ता गिरवला: १९६८ मध्ये कोहो, १९६९ मध्ये चिनूक. मध्ये १९७६ साली मायरेक्स या कीटकनाशकाचे अंश माशांत सापडल्यामुळे ओंटारिओतले सामन जवळ बाळगायलाच बंदी आली होती. ते वादळ ओसरल्यावर १९८० मध्ये नदीकाठच्या आल्टमार इथे सरकारी मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं आणि आजची गर्दी तिथून जन्मली. नदी निसर्गाची, पण तिच्यातला हा मासा सरकारी धोरणातून आलेला आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनात विसरून चालणार नाही.

गर्दी एवढी दाटते यालाही कारणं आहेत आणि तीही बरीचशी मानवनिर्मित आहेत. सामनचं पिल्लू ज्या पाण्यात वाढतं, त्या पाण्याचा वास त्याच्या मेंदूत कायमचा ठसतो आणि तीन-चार वर्षांनी तोच वास हुंगत ते परत येतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅसलर यांनी १९५०च्या दशकात हा सिद्धांत मांडला. पुढे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पिल्लांना मॉर्फोलिन नावाच्या रसायनाच्या वासाची सवय लावली, काही काळाने मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यात तेच रसायन सोडलं आणि मोठे झालेले मासे त्या ओढ्यात ओढून आणून दाखवले. आता आल्टमारच्या केंद्रात लाखो पिल्लं वाढवून तिथेच सोडली, की ती मोठी होऊन त्याच दिशेला येणार हे उघड आहे. त्यात आल्टमारच्या वर जलविद्युत प्रकल्पाचं धरण आहे. मासा त्याच्यापुढे जाऊ शकत नाही. म्हणजे सरोवरभर पांगलेला मासा काही आठवड्यांत सुमारे २७ किलोमीटरच्या पट्ट्यात कोंबला जातो. त्या पट्ट्यातही तो सगळीकडे सारखा थांबत नाही. खळाळत्या उथळ धारेतून तो झपाट्याने वर सरकतो आणि पुढच्या खोल डोहात दम खातो. हे डोह सगळ्यांना नावानिशी माहीत आहेत: गावातला लाँग ब्रिज, ब्लॅक होल, वरचा पाइनव्हिल, स्पोर्ट्समन्स पूल, स्कूलहाउस पूल. मासा दाटला की माणूस दाटणारच. त्यामुळे ‘लोक थोडे पांगून का उभे राहत नाहीत?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने मासा पांगून का राहत नाही, हे आधी विचारावं.

आता माशाची अवस्था पाहू. गोड्या पाण्यात शिरल्यावर चिनूक खाणं सोडतो. त्याचं पोट आक्रसतं, चंदेरी अंग आधी तपकिरी, मग काळपट होतं, नराचा जबडा आकड्यासारखा वळतो आणि दात बाहेर येतात. अंगात साठवलेल्या चरबीवर तो वर चढतो, मादी वाळूगोट्यांत शेपटीने खड्डा करून चार-पाच हजार अंडी घालते, नर त्यावर रेत सोडतो आणि दोन-तीन आठवड्यांत दोघंही मरतात. गळाला लागो वा न लागो, नोव्हेंबर संपेपर्यंत त्या वर्षी चढलेला चिनूक जिवंत राहत नाही. मग न खाणारा मासा आमिषाला तोंड का लावतो? कधी जुनी सवय म्हणून, कधी नाकासमोर सारखं काहीतरी येतंय या चिडीने. कोळ्याने करायचं ते एवढंच, की जाळीच्या कापडात बांधलेली सामनच्या अंड्यांची पुरचुंडी किंवा रंगीत पिसांची माशी, तळापासून वीतभर उंचीवर, पाण्याच्याच वेगाने, माशाच्या तोंडासमोरून वाहत न्यायची. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरपा फेकायचा, दोर ताठ ठेवायचा, शिसं गोट्यांवरून टिचक्या मारत जातंय हे बोटांना कळू द्यायचं आणि खाली पूर्ण वळसा झाला की उचलून पुन्हा फेकायचा. मासा दर फेकीला प्रतिसाद देत नाही. शंभर वेळा त्याच्यासमोरून पुरचुंडी जाते आणि एकदा तो तिला चावतो.

नेमका हा संयम नको असलेल्यांची एक पद्धत इथे वर्षानुवर्षं राजरोस चालत होती. शिसं ओतून जड केलेला तीन टोकांचा गळ डोहात टाकायचा आणि जोरजोरात हिसके देत ओढायचा. मासे इतके दाटलेले, की पोटात, पाठीत, शेपटीत, कुठे ना कुठे टोक घुसायचंच. या नदीवर चिनूकसाठी ही पद्धत कायदेशीर होती, कारण त्यामागचं तर्कशास्त्र बिनतोड वाटत होतं: मासा मरणारच आहे, तो खातही नाही, मग वाया घालवण्यापेक्षा कसाही का होईना, काढून घ्यावा. १९९५ पासून ही पद्धत पूर्ण बंद झाली. आज तोंडाव्यतिरिक्त कुठेही गळ लागलेला मासा ताबडतोब सोडावा लागतो. गळाला वजन जोडायला बंदी आहे. आमिषाला एकाच टोकाचा आणि ठरावीक मापाच्या आतला गळ चालतो. बंदीच्या विरोधकांचा मूळ आक्षेप मात्र अजूनही ऐकू येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंधरवड्यात आपोआप मरणाऱ्या माशाला तोंडात टोचलं काय नि शेपटीत टोचलं काय, माशाला काय फरक पडतो?

माशापुरतं बोलायचं तर फारसा फरक पडत नाही, हे मी मान्य करतो. फरक पडतो तो शेजाऱ्याला. दहा-बारा किलोच्या चिनूकच्या तोंडात गळ असेल, तर दोर आडवा धरून त्याचं डोकं वळवता येतं. डोकं वळलं की मासा वळतो. तो प्रवाहाकडे तोंड करून राहतो, पाणी कल्ल्यांतून नीट जातं, तो थकतो आणि पाच-दहा मिनिटांत काठाशी येतो. तोच गळ शेपटीपाशी किंवा पाठीच्या पंखात असेल, तर डोकं मोकळं राहतं. तुम्ही ओढाल तितका तो उलट दिशेला, प्रवाहाबरोबर खाली पळतो आणि त्याचं आडवं अंग पाण्याचा सगळा जोर झेलतं. माशाच्या वजनावर नदीचंही वजन येतं. अशा माशाला थांबवता येत नाही, त्याच्यामागे पळावं लागतं. मोकळ्या नदीत पळा खुशाल. पण खाली चाळीस माणसं दोर टाकून उभी असतील, तर तो मासा एकेकाचा दोर गोळा करत जातो, मागून कोळी ओरडत, धडपडत येतो, आणि दहा मिनिटं त्या काठावर कुणाचीच मासेमारी होत नाही. आता तीन टोकांचे गळ हिसकणाऱ्या चाळीस माणसांची कल्पना करा; त्यांचे जवळजवळ सगळेच मासे असे, भलत्याच जागी टोचलेले. शिवाय सुटून मागे उसळणाऱ्या वजनदार तिहेरी गळापुढे शेजाऱ्याचा डोळा असतो. ‘गळ तोंडातच’ हा नियम म्हणून मला दयाबुद्धीपेक्षा वाहतुकीचा नियम वाटतो. जाणते लोक शेपटीत लागलेला मासा दोन-तीन सेकंदांत ओळखतात. ते काठी खाली करतात, माशाच्या सरळ रेषेत रोखतात, रिळावर तळहात दाबतात आणि दोर तोडून टाकतात. शिसं, गळ, पुरचुंडी एवढा ऐवज जातो, रांग मात्र चालू राहते.

या नियमाला एक पळवाट आहे आणि ती लपवून युक्तिवाद पुढे नेणं बरं नव्हे. श्वास घेण्यासाठी मासा सतत तोंड उघडझाप करत असतो. शिसं आणि गळ यांच्यामध्ये लांबलचक दोर ठेवला आणि तो डोहातून आडवा सरकवत नेला, तर दोर माशाच्या उघड्या तोंडातून घसरत जातो आणि शेवटी गळ जबड्याच्या पलीकडच्या बाजूला बसतो. मासा चावलेला नसतो. पण गळ असतो ‘तोंडात’. असा मासा हाती आल्यावर गळाचं टोक बाहेरून आत गेलेलं दिसतं. खरोखर चावलेल्या माशात ते आतून बाहेर आलेलं असतं, बहुधा जिभेच्या बुडाशी किंवा जबड्याच्या कोपऱ्यात. कायद्याचा रक्षक इतक्या खोलात सहसा जात नाही. तोंड म्हणजे तोंड. शुद्धतेचा आग्रह धरणारे या प्रकाराला चोरटं हिसकणंच म्हणतात, आणि कौशल्याचा विचार केला तर त्यांचं बरोबर आहे. पण वरची कसोटी लावून पाहा. आडव्या दोराने पकडलेल्या माशाचंही डोकं वळतं, तो रांग मोडत नाही, शेजाऱ्याचे दोर गोळा करत नाही. म्हणून तो खपवून घेतला जातो. नियमाचा खरा हेतू माशाने ‘स्वेच्छेने’ आमिष घ्यावं हा असता, तर ही पळवाट बुजवल्याशिवाय कुणाला चैन पडलं नसतं. ती उघडी राहिली यातच हेतू कोणता ते कळतं.

बाकीचे नियम आणि संकेतही असेच वाचता येतात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत नदीत मासेमारीला बंदी आहे. अंधारात कोण कसा मासा काढतो हे दिसत नाही, हे एक कारण. पण रात्रभर डोह अडवून बसण्याला त्यामुळे आळा बसतो, हा फायदा कमी नाही. हलका दोर, नाजूक काठी घेऊन मोठा मासा खेळवत बसणं इतरत्र मर्दुमकीचं समजलं जातं. इथे तो उद्धटपणा ठरतो, कारण तुमच्या अर्ध्या तासाच्या खेळाची किंमत वीस जण मोजतात. भरभक्कम दोर हाच इथला शिष्टाचार. मासा लागला की ‘फिश ऑन!’ अशी आरोळी द्यायची. ती ऐकून खालच्या बाजूचे लोक दोर गुंडाळतात, एक पाऊल मागे सरतात आणि मासा लागलेल्याला पुढून जाऊ देतात. तो परत आला की त्याची जागा त्याला मिळते. सगळ्यांनी साधारण एकाच कोनात, एकाच लयीत फेकायचं. वरच्याचा दोर वाहत खाली आला की मग आपला. रात्रीची बंदी सोडली, तर यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही. मुंबईच्या लोकलमधल्या चौथ्या सीटचा नियम रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात आहे? तरी रोज लाखो लोक तो पाळतात, कारण न पाळणाऱ्याला पुढचं तासभर त्याच माणसांना चिकटून बसायचं असतं.

यावर अभ्यासू वाचक एक जोरदार हरकत घेईल. मासा ‘सरकारी’ आहे म्हणता, पण तो आता नदीत स्वतःहून पैदास करू लागला आहे, त्याचं काय? हरकत खरी आहे. पूर्वी वीजनिर्मितीच्या गरजेप्रमाणे धरणातून पाणी कधी धो धो सुटायचं, कधी बंद व्हायचं, आणि पिल्लं कोरड्या गोट्यांवर अडकून मरायची. १९९६ च्या केंद्रीय परवान्यात वीजकंपनीवर किमान प्रवाहाची अट आली: उन्हाळ्यात सेकंदाला १८५ घनफूट, सप्टेंबर ते डिसेंबर ३३५, त्यानंतर एप्रिलअखेर २८५. त्यानंतर नदीतली नैसर्गिक पैदास कमालीची वाढली. आज सरोवरातल्या मोठ्या चिनूकपैकी साधारण निम्मे केंद्रातून न आलेले, नदीत जन्मलेले असतात. मग अंडी घालायला आलेला मासा वाचवणं महत्त्वाचं नाही का? उत्तर सरोवराच्या बाजूला आहे. २०१३ आणि २०१४ मध्ये कडक हिवाळ्यांमुळे एलवाइफच्या नव्या पिढ्या फार कमी निघाल्या, आणि सामनला पुरेल एवढं खाद्य राहील ना, याची चिंता मत्स्यविभागाला लागली. २०१७ मध्ये चिनूकची सोडणूक २० टक्क्यांनी कमी करण्यात आली आणि २०१९ मध्ये पुन्हा कात्री लागली. ज्यांच्यावर या माशाची जबाबदारी आहे त्यांना धास्ती आहे ती सामन फार झाल्याची. सामनची संख्या एलवाइफवर ठरते, डोहात उभ्या माणसांवर नव्हे. एक सवलत मात्र मी या हरकतीला देतो. वाळूगोट्यांत घातलेल्या अंड्यांवरून जड बूट चालले की ती चिरडतात, आणि दिवसाला तीन सामनची मर्यादा पाळणारा माणूसही हे नुकसान बेफिकिरीने करत असतो. उथळ, स्वच्छ धुतलेल्या, फिकट दिसणाऱ्या गोट्यांच्या पट्ट्यातून चालू नये, एवढा नियम निखालस माशासाठी आहे. तो सर्वांत कमी पाळला जातो.

दुसरी हरकत पैशाची आणि मालकीची आहे. नियम कशाला, माणसंच मोजून सोडा की. याचा प्रयोग याच नदीवर चालू आहे. मुखाजवळचा सुमारे चार किलोमीटरचा पट्टा डग्लस्टन या खासगी मालमत्तेत येतो. तिथे दिवसाचा पास विकत घ्यावा लागतो आणि पासांची संख्या मर्यादित असते. नावेतून जाता जाता तिथे मासे धरणाऱ्यांवर मालकाने दावा केला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नदी नाव चालवण्याजोगी असल्याने तिच्यातून येण्या-जाण्याचा हक्क जनतेला आहे; पण अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सनदांनी नदीचा तळ खासगी मालकीचा झाल्यामुळे मासे धरण्याचा हक्क त्याचा एकट्याचा, असा निकाल १९९७ मध्ये लागला. तुम्ही पाण्यावरून जाऊ शकता, गळ टाकू शकत नाही. त्या पट्ट्यात उभं राहायला ऐसपैस जागा मिळते, यात शंका नाही. पण पास न परवडणारा माणूस घरी बसत नाही. तो वरच्या डोहांवर येतो आणि तिथली रांग आणखी दाटते. वरची नदी खुली राहिली ती न्यूयॉर्क राज्याने १९३५ पासून चालवलेल्या योजनेमुळे: काठच्या जमीनमालकांकडून केवळ मासेमारीसाठी काठावर येण्याचा कायमचा हक्क राज्य विकत घेतं, जमीन मालकाचीच राहते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सार्वजनिक कुरणाचा गाजलेला सिद्धांत मांडला तेव्हा कुरण वाचवायचे दोनच मार्ग त्यांना दिसत होते, मालकी किंवा सरकार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरचे पाटपाण्याचे, जंगलांचे, मच्छीमारांचे दाखले देऊन तिसरा मार्ग दाखवला: वापरणाऱ्यांनी आपसांत बसवलेले नियम, आणि त्यांना २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. पुलास्कीच्या सत्तावीस किलोमीटरांत हे तिन्ही मार्ग एकमेकांशेजारी नांदतात. माझ्या मते तिसऱ्याशिवाय पहिले दोन लंगडे आहेत. एवढ्या काठावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रक्षक असतात. ते गळाचं माप तपासतील, दोर कधी गुंडाळायचा हे शिकवायला ते येणार नाहीत.

तिसरी हरकत सर्वांत मुळाशी जाणारी: हा मासाच इथे नको होता. परका चिनूक आणि त्याचं परकं खाद्य यांच्यावर एवढा खर्च करण्यापेक्षा मूळचा अटलांटिक सामन परत आणा. भावनेला पटणारी गोष्ट आहे. अडचण अशी, की एलवाइफच्या शरीरात थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मोडणारं विकर असतं. तो खाऊन वाढलेल्या अटलांटिक सामनच्या अंड्यांत हे जीवनसत्त्व उरत नाही आणि पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच दगावतात. म्हणजे अटलांटिक सामन हवा असेल तर एलवाइफ कमी हवा, आणि एलवाइफ कमी ठेवणारा भिडू आहे चिनूक. २००९ मध्ये, शंभराहून जास्त वर्षांनी, या नदीत जन्मलेली अटलांटिक सामनची पिल्लं पुन्हा आढळली. ती चिनूकच्या राज्यातच आढळली. पाहुण्याला हाकलल्याने घरधनी परत येतो असं इथे तरी दिसत नाही.

या सगळ्यातून महाराष्ट्रासाठी सरळ बोध काढण्याचा मोह होईल, तो टाळलेला बरा. आपल्याकडेही चढणीचे मासे आहेत. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात कोकणात नदी-खाडीतून ओढ्यांत, ओढ्यांतून भातखाचरांत अंडी घालायला मासा चढतो, आणि रायगड-ठाण्याच्या गावांत वलगणीच्या रात्री विजेऱ्या, पाग आणि बांबूचे सापळे घेऊन माणसं बांधांवर दाटतात. चित्र तेच, जीवशास्त्र वेगळं. शिवड्यासारखा मासा अंडी घालून मरत नाही. जगला-वाचला तर पुढच्या मृगात पुन्हा चढतो. त्याला कुणी केंद्रात वाढवून सोडलेला नसतो. गाबोळीने भरलेली मादी उचलली की त्या वर्षाची पैदासही उचलली आणि पुढच्या वर्षांचीही. तिथे ‘कसा धरला’ याला फारसा अर्थ नाही. ‘कधी धरला’ हाच प्रश्न, आणि पहिले दोन-तीन दिवस तरी मासा वर जाऊ द्यावा, एवढंच त्याचं उत्तर. पुलास्कीचे नियम उचलून रायगडातल्या नागोठण्याला लावले तर माणसं एकमेकांशी सभ्यपणे वागतील आणि मासा तरीही संपेल.

न्यू जर्सी-न्यूयॉर्क भागात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी ज्यांना या हंगामात पुलास्कीला जायचं असेल, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो आणि तो खिशात ठेवावा लागतो. शक्यतो शनिवार-रविवार टाळा. तळाशी खिळे ठोकलेले बूट घाला, शेवाळलेले गोटे फार निसरडे असतात. पाण्याची चमक कापणारा चष्मा हवाच; मासा दिसतो आणि उडता गळही अडतो. मासा घरी नेणार असाल तर राज्याच्या आरोग्य विभागाचा सल्ला आधी वाचा: सरोवरातल्या जुन्या प्रदूषणामुळे हा मासा किती खावा याला मर्यादा सांगितली आहे आणि ती स्त्रिया व मुलांसाठी जास्त कडक आहे. रांगेत मोकळी जागा दिसली तरी दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारून मगच पाण्यात उतरा. दोर भरभक्कम घ्या. आणि शेपटीत गळ लागलाय असं वाटलं, तर कुणी ओरडायची वाट न पाहता काठी रोखा आणि दोर तोडा.